अंजिराखालची कणीक-साखर

गुलटेकडी, पुणे
१६ फेब्रुवारी २०२५

रझियाबी,

सुशीलाचा रामराम घे, आणि सलामही घे. दोन्हीतला एक तरी तुझ्या दारातून आत येऊ देशील.

लिहायला आमची नम्रता बसली आहे. तिचं अक्षर सुरेख आहे असं सगळे म्हणतात. मला सगळ्यांचीच अक्षरं सारखी. सून रविवारी सकाळी मोकळी सापडली आहे, तेव्हा थोडक्यात आटपते.

फोन मी खूपदा केला. माझ्या फोनात तुझ्या नावाच्या जागी अंजिराचा फोटो आहे, तुझ्या नातीने, खुशनुमानेच लावून दिलेला. ते अंजीर दाबलं की वाजत राहतं, आणि मग एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगते. तिची आणि माझी आता चांगली ओळख झाली आहे. तू मात्र उचलत नाहीस.

पायाचे फोड बसले का? शुगर किती आली? तुझ्या लेकाच्या, जुनेदच्या चौदाव्या मजल्यावरून हिंजवडी कशी दिसते? गाड्यांच्या रांगाच रांगा दिसत असतील. मुंग्यांच्या रांगा बघायची सवय आहे तुला, करमेल.

(नम्रता विचारते, हे वाक्य खोडू का. म्हटलं, राहू दे.)

मागच्या अंगणाचं काय सांगू. तुमच्या सिराजभाईंनी आणि आमच्या ह्यांनी मार्केट यार्डातून एका दुपारी सुट्टी घेऊन मधली भिंत पाडली, तेव्हापासून अंगण एकच आहे, आणि आता ते सगळं त्या लाल मुंग्यांचं आहे. पूर्वी तुझ्या कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत होत्या. आता माझ्या तुळशीत आहेत, न्हाणीत आहेत, काल माझ्या लेकाच्या, अभिनवच्या बुटात होत्या. तो एका पायावर नाचला. लग्नात नाचला नव्हता इतका.

खुशनुमाने ठेवलेलं औषध लागू पडलं नाही, त्यात पोरीचा दोष नाही. माझाही नाही. तिने मागच्या दाराला सूचनांचा कागद डकवला होता, पण मला वाचता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. त्यातून काही इकडचं तिकडे झालं असेल तर असेल.

आणि सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर कॉलनीच्या मीटिंगमध्ये जे बोलणं झालं, ते मीटिंगमधलं बोलणं. तिथे सगळेच काहीतरी बोलतात.

जुनेद घर विकतो आहे म्हणे. घेणारा म्हणतो, अंजीर पाडून सगळीकडे फरशी घालणार, म्हणजे मुंग्यांचा प्रश्नच मिटेल. हे खरं आहे का तेवढं कळव.

सुशीला
(अंगठा माझा आहे. शाई नम्रताच्या बॉलपेनची.)

९ मार्च २०२५

रझियाबी,

अक्षर बदललेलं दिसेल. ही कोपऱ्यावरची पार्लरवाली कादंबरी. आज तिच्याकडे गिऱ्हाईक कमी आहे, आणि माझ्या भुवया कोरण्यासारख्या राहिलेल्या नाहीत, म्हणून ती नुसती लिहून देते आहे.

मागचं पत्र मी सुनेसमोर सांगितलं. सुनेसमोर माणूस जेवढं सांगतं तेवढंच त्यात होतं.

आता ऐक. तुझ्या अंजिराच्या बुंध्याशी तीन वर्षं रोज मी मुंग्यांना घालत होते. मूठभर कणीक, चमचाभर साखर, वर तुपाचा थेंब.

रागावण्याआधी सुरुवात कुठून झाली ते ऐकून घे. सिराजभाई दवाखान्यात होते आणि डॉक्टरांनी मान हलवली होती. तू बाहेर बाकावर बसून तसबीहची माळ ओढत होतीस. मला काही ओढता येत नाही, म्हणून मी आमच्या वाशीमकडची रीत धरली. माझी आई म्हणायची, मुंगीच्या तोंडात घास घातला की तो थेट वर पोचतो. मी मनात बोलले, सिराजभाई उठून बसले तर रोज घालीन. चौथ्या दिवशी ते उठून बसले, आणि पहिलं वाक्य काय म्हणाले, तर इथला चहा चहाच नाही. पुढे दीड वर्षं जगले. मग नवस कसा मोडायचा?

तुझ्या झाडाखाली का, तर माझ्या बाजूला घातलं तर नम्रताला दिसेल. ती म्हणणार, आई, घरात मुंग्या का बोलावता. तेव्हाच्या मुंग्या काळ्या होत्या, गरीब, आपल्या कामाशी काम ठेवणाऱ्या. मग कुठून तरी या लाल आल्या आणि त्यांनी काळ्यांना संपवलं. मी घालतच राहिले. दान देताना समोरच्याची जात विचारू नये म्हणतात.

वेळ सकाळी पाचची. तुझ्या खिडकीत दिवा लागायचा, तू नमाजाला उभी राहायचीस, आणि मी मागच्या दाराने वाटी घेऊन निघायचे. तू देवासमोर असताना तुझ्या पाठीमागे. हे सांगताना सुद्धा माझी मान खाली आहे. कादंबरीला विचार.

मग नोव्हेंबरात खुशनुमाने ते औषध केलं. बाटल्यांची झाकणं, त्यात कापसाचा बोळा, बोळ्यावर शेंगदाण्याचं तेल आणि चिमूटभर बोरिक पावडर. अगदी चिमूटभर, म्हणजे मुंगी वाटेत मरत नाही, घास घरी नेते आणि राणीला भरवते. राणी मेली की घराणं संपलं. पण अट एकच होती, आजूबाजूला दुसरं खाणं नको.

मी सकाळी जाऊन बघायचे. रांग झाकणापर्यंत यायची, थांबायची आणि वळून माझ्या कणकेकडे जायची. साजूक तुपाची पंगत सोडून औषध कोण खाईल? महिनाभर तुझी नात झाकणं बदलत राहिली, तेल बदललं, गूळ घालून पाहिला, कॉलेजात मास्तरांना विचारून आली. वहीत रोज टिपून ठेवायची. तिला कळेना, कुठे चुकतंय.

मला कळत होतं. म्हणजे, नंतर कळलं. कागद वाचता आला असता तर आधी कळलं असतं.

कादंबरी म्हणते, मावशी, हे जड आहे. म्हटलं, तू फक्त लिही, उचलायचं मला आहे.

सुशीला

१ एप्रिल २०२५

रझियाबी,

हे अक्षर तू ओळखशील. तूच तिचा हात धरून गिरवून घेतलं आहेस.

यंदा परवा पाडवा आणि काल ईद, लागोपाठ. चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाडव्याचं श्रीखंड तुझ्याकडे गेलं नाही. ईदचा शीरखुर्मा येणार नाही असं मी धरून चालले होते. आज दुपारी खुशनुमा डबा घेऊन दारात. म्हणाली, दादीने दिलेला नाही, मी आणलाय. पोरगी खोटं बोलत नाही, हे तिचं वाईट आहे.

डबा माझ्या हातात देऊन ती अंजीर बघायला गेली, आणि बुंध्याशी तिने बोटाने माती उकरली. खाली कणकेचा घट्ट थर. साखरेची चिकटी. ती उठली आणि नुसतं म्हणाली, "आजी, हे काय आहे?"

मी म्हटलं, "नवस." आणि तिला सगळं सांगितलं. तुला कादंबरीच्या हातून सांगितलं होतं तेवढं सगळं. तर ती म्हणाली, "पण आजी, मी तो कागद तुम्हाला वाचून दाखवला होता. दोनदा."

म्हणून ती लिहिते आहे आणि मी सांगते आहे, दोघी आमनेसामने. हो, दाखवला होता. मला वाचायला नको म्हणून तिने चित्रंसुद्धा काढली होती. एक मुंगी, तिच्या डोक्यावर घास, खाली बिळात मुकुट घातलेली राणी. आणि एक ताट, त्यावर मोठी फुली. ताट आणि फुली कळायला शाळा लागत नाही. कागद वाचता आला नाही, हे मी तुला दोन पत्रांत सांगितलं. दोन्ही वेळा खोटं.

मग का घालत राहिले? नवस मोडायची भीती होती, ती खरी. पण ती निम्मीच. देवाशी बोलून नवस फिरवता येतो. आमच्याकडे बाया उपासाचा वारसुद्धा फिरवून घेतात.

निम्मं हे. ज्या दिवशी ती समजावत होती, तू खाटेवर बसून तिच्याकडे बघत होतीस. तुझा चेहरा असा उजळलेला. मध्येच कागद हातात घेऊन तू स्वतः मोठ्याने वाचलास, अडखळत, पण वाचलास. मी खाली बसून शेंगा सोलत होते. तुला आठवतं, प्रौढांचा वर्ग निघाला तेव्हा आपण दोघी मिळून नाव घालणार होतो? मी म्हटलं, या वयात पाटी धरून काय दिवे लावायचे, आणि बाहेर शेंगा सोलत बसले. तू आत गेलीस. त्या दिवशी परत तसंच झालं. तुम्ही दोघी आत आणि मी बाहेर. जिला मी न्हाऊमाखू घातलं ती पोर मला सांगणार, की तुमचं तीन वर्षांचं पुण्य म्हणजे मुंग्यांची खानावळ.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी तुपाचे दोन थेंब घातले.

आणखी एक. खुशनुमा आत्ताच बघून आली. लाल मुंग्यांचं सगळ्यात जुनं वारूळ माझ्या मोगऱ्याच्या कुंडीत आहे, त्या नर्सरीतून आणलेल्या. तुझ्या बाजूने काहीच आलेलं नाही.

मी म्हटलं, लिही, त्यामुळे जानेवारीत तुझी आठ-दहा पिल्लं अंड्यातून बाहेर पडता पडता गेली, आणि ती सोडवायला तू अनवाणी खुराड्यात शिरलीस, आणि तुझे पाय सुजले.

इथे तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "बारा होती आजी."

बारा होती, रझियाबी.

ती जाताना नवी झाकणं ठेवून गेली. म्हणाली, वीस दिवस जमिनीवर एक कण पडता कामा नये. कुंडीवर उकळतं पाणी ओता, पण अंजिराच्या मुळाशी नको. बाजारातला फवारा मारायचा नाही, त्याने वरच्या मरतात, राण्या उठून दुसरीकडे बिऱ्हाड करतात. मी मान हलवली. तिने विचारलं, "नक्की ना?" हा प्रश्न मी कमावलेला आहे.

सुशीला

२० एप्रिल २०२५

रझियाबी,

पुन्हा नम्रता. मीच म्हटलं, तूच लिही. आजचं तुझ्याच हातून गेलं पाहिजे.

आधी चांगलं सांगते. पहिले चार दिवस झाकणांवर नुसती जत्रा. मला वाटलं, वाढल्या. खुशनुमा फोनवर म्हणाली, वाढू द्या, नेताहेत. पाच वाजता जाग यायची, हात आपोआप डब्याकडे जायचा. मी देवाला सांगितलं, तुला पोचवायचं ते मी दुसऱ्या तोंडातून पोचवते, आणि मूठभर ज्वारी गच्चीवर चिमण्यांना टाकायला लागले. देवाने काही कळवलेलं नाही, पण तोही तुझ्यासारखाच आहे, फोन उचलत नाही.

दहाव्या दिवशी रांग विरळ झाली. सोळाव्या दिवशी मी बुंध्याशी हात टेकवून बसले आणि कोणी चावलं नाही. झाडावरचा पांढरा पिठ्या ढेकूणही ओसरतो आहे. मुंग्याच त्याला त्याच्या गोड रसासाठी जपत होत्या म्हणे, गाईसारखा. पूर्ण गेल्या असं पोरगी म्हणू देत नाही. म्हणते, झाकणं पावसाळ्यापर्यंत चालू ठेवायची. मोगरा वाचला नाही. बरं झालं.

अंजिराला सात फळं राहिली आहेत. अभिनवच्या जुन्या मलमलच्या बंडीच्या पिशव्या शिवून बांधल्या आहेत. अंजिराच्या डोळ्यातून आत शिरतात मेल्या, वरून कळत नाही. एक मी फोडून पाहिलं. आत फक्त अंजीर होतं.

आता ते. नम्रता, पेन घट्ट धर.

सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली सगळे जमले, आणि मुंग्या कुठून येतात यावर गलका चालला होता. कुणीतरी तुझ्या कोंबड्यांचं नाव काढलं. तू म्हणालीस, माझं खुराडं रोज धुतलेलं असतं. तेव्हा मी बोलले. मला कोणी विचारलंही नव्हतं. मी म्हटलं, "ज्यांच्या परसात हाडं पुरलेली, तिथे मुंग्या नाही येणार तर काय मोर येणार?"

लोक हसले. रझियाबी, मला ते आवडलं. तुझी बारा पिल्लं गेलेली, पायाला फडकं गुंडाळून तू खुर्चीवर बसलेली, आणि मला वाटलं, काय झकास जमलं. हसणं संपलं तेव्हा तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघत होतीस. तोंड उघडलंस आणि मिटलंस.

तू काय गिळलंस ते मला ठाऊक आहे. आज ते मी सांगते.

ती हाडं माझी होती.

(नम्रता थांबली आहे. म्हणते, म्हणजे काय.)

म्हणजे हे. आमचे हे माळकरी. या घरात अंडं आलं नाही, कांद्यालाही चातुर्मासात दार बंद. आणि माझे गुडघे धरले त्या वर्षापासून, दर थंडीत, आठवड्यातून एकदा तू रात्रभर मंद आचेवर बकऱ्याचा पाया उकळायचीस, आणि दुपारी सगळे कामाला गेले की मी तुझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून प्यायचे. मिरपूड वरून. पहिल्यांदा औषध म्हणून नाक दाबून. नंतर नाक दाबावं लागलं नाही. हाडं मीच चोखायचे. ती घंटागाडीत टाकली तर कोणीतरी म्हणेल, रझियाच्या घरी माणसं दोन आणि हाडं एवढी कशी, म्हणून तू ती अंजिराखाली खोल पुरायचीस. माझं झाकायला. आणि मी भर मीटिंगमध्ये तेवढीच जागा उकरून दाखवली.

त्यात हाडांवर मुंग्या येतच नव्हत्या. त्या माझ्या तुपावर येत होत्या. म्हणजे तुझ्या अंगणात जे जे वाईट होतं, ते सगळं माझ्याच घरचं.

एक वाक्य बोलली असतीस तर मी मुला-सुनेसमोर, कॉलनीसमोर संपले असते. तू उठलीस, लंगडत घरी गेलीस, आणि आठवड्याने जुनेद गाडी घेऊन आला.

नम्रता आत जाऊन पाणी पिऊन आली. मला वाटलं, आता बोलेल. तिने विचारलं, "किती वर्षं?" म्हटलं, तुझ्या लग्नाच्या आधीपासून. ती म्हणाली, "आणि मी ऑफिसच्या कँटीनमध्ये ऑम्लेट लपून खाते." मग म्हणाली, "पुढे सांगा." सून चांगली आहे, रझियाबी. तुझंच म्हणणं खरं होतं.

पुढे हेच. एक मेला पुन्हा झेंडा आहे, पुन्हा सगळे जमतील. त्याच जागी उभी राहून मी हे सांगणार आहे, कणकेचंही आणि पायाचंही. तू ये असं म्हणायला मला तोंड नाही. तू येणार नसशील तरी सांगणार आहे.

जुनेदला एवढं सांग, फरशीवाल्या माणसाला जरा थांबवून ठेव. मुंग्यांसाठी झाड पाडायचं असेल, तर मुंग्या जाताहेत. माझ्यासाठी पाडायचं असेल, तर ते तू ठरव.

तीन अंजिरं नम्रता ऑफिसला जाता जाता जुनेदच्या वॉचमनकडे ठेवेल. फोडून खा. माझ्यावर विश्वास ठेवून अख्खं तोंडात घालू नकोस.

सुशीला

२ मे २०२५

रझियाबी,

छोटं पत्र. नम्रता ऑफिसला निघाली आहे, चपला पायात घालून लिहिते आहे, जाता जाता वॉचमनकडे ठेवेल.

काल सांगितलं. खुर्ची धरून उभी राहिले. विनोद एकही केला नाही. जमलाही नसता. कोणी हसलं नाही, आणि त्या दिवशी हसलेले सगळे जमिनीकडे बघत होते. एक जण म्हणाला, आजी, एवढं कशाला, झालं गेलं. म्हटलं, तुझं झालं असेल. अभिनव माझ्याशी कालपासून बोललेला नाही. बोलेल. किंवा नाही बोलणार. तुझ्यावर टाकलेला शब्द असा एका दिवसात परत घेता येईल असं मीही धरलेलं नाही.

घरी आले तर खुशनुमाचा फोन. म्हणाली, दादीने अब्बांकडे घराची किल्ली मागितली आहे. कशाला ते सांगितलं नाही म्हणाली.

आणि आज सकाळी पाच वाजता माझा फोन वाजला. अंधारात बघते तर अंजीर. जानेवारीपासून मी ज्याला दाबत होते ते अंजीर आपणहून उजळलेलं, थरथरत होतं. मी हातात घेतलं. आणि रझियाबी, माझं धाडस झालं नाही. भर मीटिंगमध्ये बोलले आणि तुझ्या एकटीसमोर बोलता येईना. वाजलं, वाजलं आणि थांबलं. नंतर ती इंग्रजी बाईसुद्धा आली नाही.

म्हणून हे लिहून घेते आहे. उद्या पाचला पुन्हा कर. मी मागच्या दारात, झाडाखाली, हात रिकामे ठेवून बसलेली असेन.

सुशीला